धरू नका, विचारू नका, शेजारी बसा

माझ्या भावाकडे पाहून कोणी म्हणणार नाही की याला काही झालंय, आणि हीच आमची सगळी पंचाईत आहे. उंचापुरा, नाकीडोळी नीटस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून बसवलेला भांग. हातात काठी असती, डोळ्यांवर काळा चष्मा असता, तर जगाने वाट करून दिली असती. याचं जे काही आहे ते आत आहे. अनोळखी माणसाने काही विचारलं की याचे शब्द जातात. मोठा आवाज झाला की कान दाबून पळत सुटतो, आणि पळताना समोर रस्ता आहे की विहीर हे त्याला दिसत नाही. हात धरला तर किंचाळतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा प्यालेला आहे, नाहीतर चोर आहे, नाहीतर याच्या अंगात आलंय.

तो पंचेचाळीस वर्षांचा आहे, मी सत्तावन्नची. बुलढाण्यात दोन खोल्यांत राहतो, मी ब्लाऊज शिवते. माझं लग्न झालं होतं; ते टिकलं नाही, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, झडप नीट मिटत नाही, मोठ्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करावं लागेल, पुष्कळ दिवस राहावं लागेल. मी विचारलं, नाही केलं तर? ते म्हणाले, घरात अजून कोण आहे? मी म्हटलं, तेच तर.

भावाची एक सवय आहे. तो हात धरू देत नाही, पण स्वतः दोन बोटांच्या चिमटीत पदराचं टोक धरतो आणि मग तुमच्यामागे कुठेही येतो. आधी तो पदर आईचा होता. आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा एका दुपारी तिने त्याच्या चिमटीतून आपला पदर सोडवला आणि माझा दिला. त्याने तो लगेच टाकून दिला. आई गेल्यावर कितीतरी महिने तो माझ्यामागे अंतर ठेवून रिकाम्या बोटांनी चालायचा. मग एक दिवस बाजारात मला मागून ओढ जाणवली. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्याने सोडलं असतं. तशीच रडत भाजी घेतली. भाजीवाली म्हणाली, "काऊन वं बाई, कांद्याचा भाव आयकून रडून राह्यली का?"

आई आणि मी. तिसऱ्या कोणाला त्याने कधी धरलं नाही.

आमच्या जिल्ह्यात एक दर्गा आहे. डोक्यावर परिणाम झालेली, बाहेरची बाधा झाली म्हणतात तशी माणसं लांबलांबून तिथे आणतात, त्यात हिंदूही असतात, मुसलमानही. आईसुद्धा भावाला लहानपणी घेऊन गेली होती. तिथला म्हातारा मुजावर बिचारा खरं बोलला. म्हणाला, "बाई, इसके अंग में कुछ नही है, घर ले जाव, अच्छे से रखो." म्हणजे दर्ग्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आमच्या लोकांच्या चांगुलपणाबद्दल आहे. आमच्याकडे रस्त्यात कोणी भरकटलेला दिसला तर लोक त्याला दगड मारत नाहीत, हे आधी सांगते. लोक त्याला चहा पाजतात, पोळी खाऊ घालतात आणि दर्ग्याच्या गाडीत बसवून देतात. तिथलाच असेल, चुकला असेल, पोचेल आपल्या माणसांत. पुण्याचं काम.

दोन वर्षांपूर्वी भावाचं हेच झालं. त्याला बसगाड्यांच्या पाट्या वाचायला आवडतात. चिखली, मेहकर, लोणार, मलकापूर. घरात दिवसभर तोंडातून शब्द काढणार नाही, पण स्टँडवर गेलो की एकेक पाटी मोठ्याने वाचणार. म्हणून आम्ही रोज दुपारी स्टँडवर जातो. त्या दिवशी त्याला बाकावर बसवून मी समोरच्या दुकानात अस्तराचं कापड पाहत होते, तेवढ्यात एका गाडीचं टायर फुटलं. मी बाहेर आले तर बाक रिकामा.

नंतर जुळवत जुळवत कळलं ते असं. तो कान दाबून स्टँडच्या दुसऱ्या टोकाला पळाला. तिथे बंदोबस्ताला असलेल्या कोणा होमगार्डने त्याला थांबवलं, नाव विचारलं, गाव विचारलं. उत्तर नाही. मग त्या भल्या माणसाने स्वतः तिकीट काढून त्याला दर्ग्याच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, नीट उतरव बाबा. दुसऱ्या दिवशी मला तो तिथे लिंबाच्या झाडाखाली सापडला. कोणा कुटुंबाने त्याला जेवायला दिलं होतं, आणि पुन्हा हरवू नये म्हणून मऊ धोतराच्या पट्टीने त्याचा पाय झाडाला बांधला होता. गाठसुद्धा काळजी घेऊन मारली होती. भांडायचं तरी कोणाशी? सगळ्यांनी चांगलंच केलं होतं. घरी आल्यावर त्याने पाट्या वाचणंही सोडलं. स्टँडवर यायचा, पाट्यांकडे पाहायचा आणि गप्प राहायचा. तो आवाज परत यायला वर्ष लागलं.

तेव्हापासून मी ठाण्याच्या पायऱ्या झिजवू लागले. माझं म्हणणं एवढंच होतं की, काही घडलं की सगळ्यात आधी जी माणसं पोचतात, होमगार्ड, गावोगावचे पोलीस पाटील, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, त्यांना कोणीतरी शिकवा. न दिसणारं अपंगत्वही असतं हे सांगा. ठाणेदार साहेब माणूस वाईट नव्हते, थकलेले होते. दर वेळी म्हणायचे, "करू ताई, पाहू ताई." डॉक्टरांनी झडपेचं सांगितल्यावर मात्र मी त्यांच्या टेबलासमोर बसूनच राहिले. म्हटलं, साहेब, उद्या मी मेले तर हा घराबाहेर पडेल, आणि जो पहिला वर्दीवाला भेटेल त्याच्या हातात याचा जीव असेल. त्याला काय माहीत असायला हवं तेवढंच मला सांगू द्या. साहेबांनी कपाळ चोळलं आणि दर्ग्याच्या यात्रेच्या बंदोबस्ताच्या बैठकीत मला दहा मिनिटं दिली. वर म्हणाले, "भावालाही आणा ना. लोकांना पटकन कळेल." मी फटकारलं, "तो काय अस्वल आहे का नाचवायला?"

पण देवाच्या मनात वेगळंच. जी शेजारीण त्याच्याजवळ बसायची ती नेमकी त्या दिवशी पिंपळगाव राजाला लग्नाला गेली. मग त्याला घेऊनच गेले. पांढरा सदरा घालून तो हॉलच्या शेवटच्या रांगेत भिंतीकडेला बसला. शेजारी एक जाडसर पोलीस पाटील होते, देऊळघाटाकडच्या एका खेड्याचे. ते आधीच डुलक्या घेत होते. भावाला शांत माणूस आवडतो, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं.

माझी दहा मिनिटं जेवणानंतर ठेवली होती. वांग्याची भाजी आणि वर बुंदी. शंभरेक माणसं, होळीच्या आधीचं ऊन, वर गरगरणारे पंखे. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: धरू नका. विचारू नका. शेजारी बसा. सांगितलं, असा घाबरलेला माणूस दिसला तर अंगाला हात लावू नका, नाव-गाव विचारून भंडावू नका, त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसा आणि तोंड दुसरीकडे करा. त्याची भीती ओसरली की तो स्वतः काहीतरी करेल. तोवर फक्त बसा. मागून कोणीतरी जांभई दिली. एकजण कान कोरत होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या रांगेतला एक होमगार्ड उभा राहिला. मिशीवाला, हसतमुख. म्हणाला, "ताई, गैरसमज नोका करू, पण आमाले हे शिकवाची गरज नाई. असा मानूस आमी नजरेतच वयखतो. म्या सोता कितीकायले दर्ग्याच्या गाडीत बसवून देल्लं. तिकीट बी खिशातून काढलं. पुण्य लागते."

लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र थिजले. हाच का तो? असेल किंवा नसेलही, विचारायचा धीर झाला नाही. पण तो हसत हसत बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर धोतराच्या पट्टीची ती गाठ होती. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "नजरेत ओळखता? मग ओळखा. तसा एक माणूस आत्ता या खोलीत बसलाय. दाखवा कोण."

झोपलेली माणसं एकदम जागी झाली. खेळच झाला त्यांना. मिशीवाल्याने साऱ्या हॉलवरून नजर फिरवली, ती माझ्या भावावरून सरळ पुढे गेली, क्षणभरही थांबली नाही. त्याने चहा वाटणाऱ्याकडे बोट दाखवलं. कोणी एका लठ्ठ हवालदाराकडे दाखवलं. मग एकजण ओरडला, "अबे, थो पाह्य ना पाटील, तोंड वासून झोपला!" आणि सगळा हॉल खदखदून हसला. टेबलं बडवली. मी दोन्ही हात वर करून थांबा थांबा म्हणत होते. शिट्टीचं मला शेवटी सांगायचं होतं; आवाज, सायरन, शिट्टी याबद्दलच्या ओळी अजून फळ्यावर आल्याच नव्हत्या. होमगार्डांच्या नायकाला गोंगाट बंद करायची एकच रीत माहीत होती. त्याने खिशातून शिट्टी काढली आणि छाती भरून फुंकली.

भाऊ उठला तो खुर्ची पाडूनच. दोन्ही कानांवर हात, दारातून बाहेर, फाटकातून बाहेर. मी धावायच्या आधी शंभर माणसं धावली. आत्ताच शिकलेली माणसं! "धरा बे, धरा! अबे तिकडून घेरा!" आणि चार दिशांनी शिट्ट्या. करायला गेले गणपती आणि झालं माकड. मी ओरडत होते, शिट्ट्या बंद करा, पण माझा आवाज त्या शिट्ट्यांतच गेला. फाटकाशी पोचेपर्यंत रस्त्यावर पांढरा सदरा कुठेच नव्हता.

मी स्टँडकडे निघाले, कारण तो दुसरीकडे कुठे जाणार? यात्रेच्या जादा गाड्या लागल्या होत्या. प्रत्येक गाडीच्या कपाळावर त्या एकाच गावाची पाटी. मी पहिल्या गाडीत चढले, माणसांच्या तोंडांकडे पाहत शेवटच्या सीटपर्यंत गेले, उतरले. दुसरीत चढले. कंडक्टरला विचारलं, पांढऱ्या सदऱ्यातला, बोलत नाही असा कोणी? तो म्हणाला, "बाई, या गाडीत समदे तसेच हायेत." तिसऱ्या गाडीची पायरी चढताना छातीत कळ आली. उतरले आणि बाकावर बसले. त्याचाच बाक, पाट्या वाचायचा.

तिथे बसून मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, इथेच मरते मी आता. आणि मेले तर याला कळणारही नाही. कुठल्यातरी झाडाखाली बसून तो माझी वाट पाहील, आणि लोक त्याला जेवू घालतील, आणि मऊ कापडाने बांधतील. मला मरणाची भीती वाटत नव्हती, राग येत होता. माझ्या झडपेचा, त्या शिट्टीचा, आईचासुद्धा. एवढा मोठा जीव चिमटीभर पदराला बांधून गेली. मी देवाला म्हटलं, एक माणूस दे. मोठं काही मागत नाही. शंभरांतला एक.

शोधायला गेलेले एकेक करून परत येऊ लागले, घामाघूम, खाली माना घालून. मिशीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचं हसू गेलं होतं. म्हणाला, "ताई, तुमी सांगतलं तसंच केलं. हात नाई लावला. निस्ता मांगं पयालो." मला त्याला मारावंसंही वाटलं आणि पाणी द्यावंसंही वाटलं. दोन्हीचं बळ नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "थ्या झोपेल पाटलाचा हाये. तोंडातल्या तोंडात बोलते. म्हनते, तुमचा मानूस बाजारात बसेल हाये."

आठवडी बाजाराची जागा स्टँडच्या मागेच आहे. बाजाराचा दिवस नव्हता. विटांचे रिकामे ओटे, वाळलेला पाला, दोन गाई. मिशीवाल्याला मी हातानेच सांगितलं, इथेच थांब. आणि तो थांबला, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते.

शेवटच्या ओट्याच्या सावलीत भाऊ उकिडवा बसला होता. हात कानांवरून खाली आले होते. त्याच्यापासून हातभरावर पाटील पाय पसरून बसले होते, तोंड स्टँडकडे. ना त्याच्याकडे पाहत होते, ना काही बोलत होते. मी फळ्यावर लिहिलेल्या तिन्ही ओळी माझ्यासमोर मातीत बसलेल्या होत्या. माझे डोळे भरून आले. मी हळूच जाऊन पलीकडे बसले. म्हटलं, "पाटील, तुम्ही ऐकलं. शंभरांत तुम्ही एकट्याने ऐकलं."

पाटलांनी आधी बाजूला तंबाखू थुंकली. मग म्हणाले, "खोटं काऊन बोलू बाई? मले तं झोप लागली होती. समदे पयाले म्हनून मी बी उठलो. म्हटलं, आता बैठक तं मोडली, गाडी धरून घरी जाव. इथूर आलो अन् गुडघ्यानं जवाब देल्ला. बसलो. मंग पाह्यलं तं हा बाजूले."

"मग बोलला नाहीत त्याच्याशी?"

"तोंडात तंबाखू होती ना."

"आणि तिकडे तोंड करून?"

"गाडी लागते का थे पाहून राह्यलो. थ्या गाडीवाल्याचा काई भरोसा नाई."

मला हसू फुटलं, आणि हसताहसता रडू. एवढं शिकवणं, एवढ्या पायऱ्या, आणि शेवटी कामाला आले ते एका म्हाताऱ्याचे गुडघे आणि त्याची तंबाखू. पाटील घाबरले. "काय झालं बाई? म्या काई चुकीचं केलं का?" मी मान हलवली. तेव्हा मला दिसलं.

पाटलांचा सदरा बाजूने जमिनीवर लोळत होता आणि त्याचं टोक भावाच्या दोन बोटांच्या चिमटीत होतं. नीट, घट्ट, आईचा पदर धरायचा तसं. मी माझ्या पदराचं टोक हळूच त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्याने पाहिलं. सदरा सोडला नाही. स्टँडवरून एक गाडी वळली, आणि घसा साफ करून तो मोठ्याने म्हणाला, "लोणार."

"लोनारच हाये," पाटील म्हणाले. "आपली नाई."

त्या "आपली नाई"ने माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. सापडला. आई, तिसरा सापडला. मी मनात घाईघाईने सगळं रचू लागले. देऊळघाट काही लांब नाही. दर आठवड्याला याला पाटलांकडे घेऊन जाईन, बसतील दोघं पारावर, एकाच्या तोंडात तंबाखू आणि एकाच्या तोंडात पाट्या. मग एक दिवस मी दवाखान्यात जाईन. आली परत तर आली, नाही आली तर नाही. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

मग पाटील उठायला लागले. एक हात ओट्यावर, एक हात गुडघ्यावर, दोनदा उठले, दोनदा बसले. श्वास लागला. तोंड पांढरं पडलं. खिशातून गोळी काढून त्यांनी जिभेखाली ठेवली. तसली गोळी माझ्याही कनवटीला असते. मी विचारलं, "पाटील, वय काय हो तुमचं?"

"साठ भरतात या महिन्यात. पाटीलकी सुटली मंग." त्यांनी छाती चोळली. "काऊन?"

"सहज," मी म्हटलं.

भावाने चिमूट अजून सोडली नव्हती. आई आणि मी, यांच्यानंतर पंचेचाळीस वर्षांत त्याने स्वतःहून तिसरा माणूस निवडला, आणि निवडला तो माझ्याहून म्हातारा.